स्टिलची टू-इन-वन कानस: महाग आहे, तरी घ्या

चेनसॉ कुठली घेऊ, हे मला डिचोली-साखळीकडची माणसं हमखास विचारतात. कानस कुठली घेऊ, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगतो: चेनला धार लावायला स्टिल कंपनीची टू-इन-वन घ्या. साध्या गोल कानशीच्या कित्येक पट महाग पडते, तरी घ्या.

मी झाडं छाटायचं आणि पाडायचं काम करतो. आमच्याकडे झाड मोकळ्या माळावर क्वचितच सापडतं. एका बाजूला नळ्यांचं छप्पर, दुसऱ्या बाजूला विजेची तार, खाली तुळशीवृंदावन आणि मधोमध कलंडलेला फणस. अशा ठिकाणी मशीन आपल्या वजनानेच लाकडात उतरली पाहिजे. चेन बोथट असली की माणूस जोर लावतो, जोर लावला की पायाचा तोल सुटतो, आणि शेवटची दोन बोटं लाकूड अचानक तुटतं तेव्हा मशीन कुठे जाईल त्याचा नेम नाही. धार असली की काम लवकर आटपतं हे खरंच, पण माझ्या लेखी ती आधी हातपाय सांभाळते.

आता ही कानस नेमकं काय करते ते सांगतो. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल घुसणार, हे तो ठरवतो. लहान मशीनच्या ३/८ पी मापाच्या चेनला हा उंचवटा दाताच्या माथ्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे घासून घासून दात मागे सरकला की तो बुटकाही होतो. उंचवटा मात्र तेवढाच राहतो. मग दाताला बोट लावलं तर ब्लेडसारखी धार लागते, आणि मशीन तरी भुसा काढते, चकत्या काढत नाही. 'पात्रांव (म्हणजे मालक), आत्ताच धार लावली, तरी कापत नाही,' ही तक्रार मी कामावरच्या पोरांकडून कितीदा ऐकली आहे. दात घासलेला असतो, उंचवट्याला कुणी हातही लावलेला नसतो. काहीजण याच्या उलट करतात, चपटी कानस घेऊन उंचवटा भसाभस खाली नेतात. ते जास्त वाईट, कारण मग दात नको तेवढं लाकूड धरतो आणि बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, टोकाकडून अंगावर उसळतो.

टू-इन-वनमध्ये दोन गोल कानशी आणि त्यांच्या मध्ये एक चपटी, अशा तिन्ही एकाच चौकटीत बसवलेल्या आहेत. गोल कानस दाताच्या पोटात चालते तेव्हाच चपटी पुढच्या उंचवट्यावरून फिरते, म्हणजे दात जेवढा उतरतो त्या हिशेबाने उंचवटाही उतरतो. चौकट चेनवर टेकून चालत असल्याने कानस दातात फार खोलही जात नाही आणि वरही तरंगत नाही. तिच्यावर ३० अंशाच्या रेघा आहेत; त्या बारला समांतर ठेवायच्या की तिरकेपणा बरोबर येतो. दोन्ही बाजूंचे दात याच चौकटीने होतात, मध्ये काही खोलायला लागत नाही.

रीत सोपी आहे. मशीन बंद, हातात मोजे, बार ओंडक्यावर किंवा वाइसमध्ये घट्ट. सगळ्यात झिजलेला दात शोधून त्याच्यापासून सुरुवात करायची आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. आतून बाहेर ढकलायचं. परतताना कानस उचलून आणायची, ओढत आणली तर तिचेच दात मरतात. चेन उन्हाकडे धरून बघायची. बोथट दाताच्या कडेवर केसाएवढी पांढरी रेघ चकाकते. ती रेघ दिसेनाशी झाली की दात झाला. वेळच्या वेळी केलं तर दाताला दोन-तीन हात पुरतात.

आमच्याकडे हे वेळच्या वेळी करावंच लागतं. माडाचं खोड आतून मऊ आणि बाहेरून, विशेषतः बुंध्याशी, इतकं कडक की चेनची धार बघता बघता उतरते. त्याचे दोरखंडासारखे धागे स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, झाकणात जाऊन बसतात ते वेगळंच. फणसाचा पिवळा भुसा आणि चीक चेनला गोंदासारखा चिकटतो. आधी रॉकेलच्या ब्रशने चेन साफ केल्याशिवाय कानस लावू नका, नाहीतर कानशीचे दात भरून ती नुसती घसरत राहते. आणि जांभा! पडलेला ओंडका कापताना बारचं टोक क्षणभर जरी तांबड्या मातीला लागलं तरी सगळी चेन पुन्हा घासायला बसावं लागतं.

त्यात सगळी कामं एकदम येतात. झाड पाडायला गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. माडाला २०१६ मध्ये त्या कायद्यातून वगळलं होतं, २०१७ मध्ये तो पुन्हा झाड ठरला, आणि तो ठरायलाच हवा होता. कागद हातात येईपर्यंत मे उजाडतो आणि प्रत्येक भाटकाराला, म्हणजे बागेच्या मालकाला, पावसाआधी फांद्या उतरवून हव्या असतात. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, उतरल्यावर धार लावायला शहरात कोण जाणार? १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा रस्त्या-रस्त्यावर झाडं आडवी होती आणि वीज गेलेली, म्हणजे विजेवर चालणारा ग्राइंडर असून नसल्यासारखा. तेव्हापासून हाताने धार लावता येत नसलेल्या माणसाला मी मशीन देत नाही.

ग्राइंडरबद्दल माझं मत तसंही बरं नाही. एका दुकानात चेन दिली होती, ती दातांच्या टोकांना निळसर झाक घेऊन परत आली. निळं पडणं म्हणजे पोलाद तापून त्याचं पाणी उतरणं. असा दात एका आंब्यालाही पुरत नाही.

या कानशीला मर्यादा आहेत. उंचवटा तिच्या ठरलेल्या हिशेबानेच उतरतो. कडक लाकडासाठी थोडा उंच ठेवायचा असेल तर सुटी चपटी कानस आणि मापाची पट्टीच लागते, त्या मी अजून जवळ बाळगतो. रस्त्याकडेच्या झाडात बोर्डाचे खिळे असतात. खिळ्यावर आपटून टवका उडालेले दात आधी साध्या गोल कानशीने मागे आणावेत, एवढ्या घासाघाशीत या महागड्या कानशी झिजवू नयेत. आतल्या कानशी बदलता येतात. पावसाळ्यात त्यांना गंज चढतो, पण तेल लावू नका, तेलात कीस अडकतो. खडू चोळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा.

विकत घेताना चेनचं माप सांगूनच घ्या, एक चौकट सगळ्यांना चालत नाही. स्टिलच्या चेनवर दातापुढच्या उंचवट्यावरच बारीक आकडा कोरलेला असतो. ६ किंवा पी असेल तर ३/८ पी, त्याला ४ मिलिमीटरची कानस. २ असेल तर .३२५, त्याला ४.८ ची. ३ असेल तर मोठी ३/८, त्याला ५.२ ची. आकडा झिजून गेला असेल तर चेनच घेऊन दुकानात जा.