अत्तरे उत्तम, रोलर भिकार: शिमग्यापासून श्रावणापर्यंतचा अनुभव

श्रावणाच्या सुरुवातीला, ऑनलाइन मागवलेल्या अत्तरांच्या संचातील वाळ्याच्या बाटलीचा रोलर, म्हणजे तेल लावण्यासाठी तोंडाशी बसवलेला फिरता छर्रा, खोबणीतून निखळला आणि उरलेले जवळपास सगळे तेल ऑफिसच्या बॅगेत सांडले. विक्रेत्याशी त्यावरून जो पत्रव्यवहार झाला, तो वाचल्यावर अनेकांनी मला हा अनुभव सविस्तर लिहायला सांगितले. मी अत्तरांचा दर्दी वगैरे नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) हिशेब पाहतो, त्यामुळे वास आणि खर्च या दोनच अंगांनी लिहिणार आहे, आणि दुसऱ्या अंगाला झुकते माप मिळाले तर वाचकांनी समजून घ्यावे.

संच असा आहे: हाताने, छोट्या प्रमाणात केलेल्या सुगंधी तेलांच्या 3 मिलीच्या पाच बाटल्या, वाळा, माती, हिना, दवणा आणि मोगरा. मला तो शिमग्याच्या आधी 1,850 रुपयांना पडला, म्हणजे मिलीला सव्वाशेच्या आसपास. एवढ्या पैशांत फवारणीच्या सेंटच्या मोठ्या बाटल्या कपाटभर आल्या असत्या, हे घरातून मला वेळोवेळी ऐकवले गेले आहे.

फवारणीच्या सेंटची सवय असणाऱ्याला पहिले काही दिवस हे तेल लावले की नाही असाच प्रश्न पडतो. सेंटमधील अल्कोहोल काही मिनिटांत उडते आणि उडताना वास खोलीभर फेकते. तेलात उडून जाणारे असे काही नसल्यामुळे वास अंगालगत राहतो आणि शेजारी बसलेल्यालाच कळतो. आमच्या ऑफिसात ओतकामाच्या वाळूचा आणि धुराचा वास भिंतींत मुरलेला आहे, त्यात मनगटावरचा टिपका काय टिकणार, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात सेंटचा वास जेवणाच्या सुटीपूर्वी निघून जात असे, आणि वाळा संध्याकाळी तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला थांबल्यावरही मनगट नाकाशी नेले की येत असे.

वाळ्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण या संचातील खरी कमाई तोच आहे. वाळ्याच्या मुळांतील सुगंधी घटक जड असतात, सावकाश उडतात, त्यामुळे ऊर्ध्वपातनही दीर्घ काळ चालवावे लागते आणि अंगावरचा वासही तसाच रेंगाळतो. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, मुळे आणि पाणी घालून देगेचे तोंड मातीने लिंपतात, वाफ बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन जमा होते त्या भांड्यात, उतरते, आणि तांब्याच्या संपर्काने तेलाला हिरवट झाक येते. माझ्या बाटलीतील तेलाला ती झाक होती. अर्थात रंग कोणालाही मिसळता येतो, म्हणून केवळ हिरवेपणावर भाळू नये. लावल्याबरोबर हा वास उग्र, ओल्या गोणपाटासारखा वाटतो आणि पहिल्या दिवशी मी तो धुऊन टाकणार होतो. अर्ध्या तासाने मात्र उग्रपणा ओसरतो आणि खाली लाकूड, माती आणि किंचित गोडवा उरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या शेडमधून स्टोअरपर्यंत चालत जाऊन आल्यावर, घामाने बाकी सगळे वास बिघडलेले असताना, हा एकच वास घामाशी भांडत नव्हता. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणाऱ्या आधीच्या पिढ्यांना हे ठाऊक होतेच; मी ते विकत घेऊन शिकलो.

मातीच्या अत्तराकडून माझ्या अपेक्षा सर्वांत जास्त होत्या. भाजलेल्या मातीच्या तुकड्यांचे ऊर्ध्वपातन करून तो वास चंदनाच्या तेलात उतरवतात, ही कल्पनाच मोहात पाडणारी आहे. ओल्या मातीच्या वासात ज्याचा मोठा वाटा असतो ते जिओस्मिन जमिनीतील सूक्ष्मजीव तयार करतात आणि माणसाचे नाक ते इतक्या अत्यल्प प्रमाणात ओळखते, की वळिवाची सर राधानगरी रोडवर पडत असताना तिचा वास रंकाळ्यावर बसलेल्यांना आधी कळतो. उन्हाळ्यात हे अत्तर सुंदर वाटले. पण जूनमध्ये पाऊस एकदा जो लागला तो लागलाच, आणि कोल्हापूरच्या पावसात मातीचा वास विकत घेऊन लावणे निव्वळ उधळपट्टी ठरते: बाहेर तो फुकट आणि अधिक चांगला मिळतो, शिवाय बंद खिडक्यांच्या खोलीत, न वाळलेल्या कपड्यांच्या शेजारी, हे अत्तर कुबट वाटू लागते. माझ्या मते ही बाटली फाल्गुन ते वैशाख वापरावी, मग ठेवून द्यावी आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा काढावी.

हिना हे केवळ मेंदीच्या फुलांचे अत्तर असेल अशा समजुतीने कोणी घेणार असेल तर आधीच सावध करतो. या प्रकारात नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी, दगडफूल, लवंग, जायफळ अशी मोठी फौज असते आणि ते उष्ण मानले जात असल्यामुळे थंडीत लावण्याची प्रथा आहे. मी ते शिमग्यानंतर लावून ऑफिसला गेलो, तेव्हा आमच्या डिस्पॅचच्या गृहस्थांनी मान वर न करताच विचारले, "काय साहेब, डंकावरनं आलासा काय?" डंक म्हणजे मसाला कुटण्याची गिरणी. त्यांचे नाक खोटे नव्हते, दगडफूल, लवंग आणि जायफळ आमच्या कांदालसूण मसाल्यातही पडतातच. याचा रंग गडद तपकिरी असल्यामुळे कॉलरवर लागल्यास पांढरा शर्ट गेला असे समजावे. माझ्या एका शर्टावरील डाग सोडा, लिंबू आणि ऊन या तिन्ही उपायांना पुरून उरला आहे. कापसाचा फाया करून कानाच्या वरच्या घडीत ठेवण्याची जुनी रीत या अत्तराला सर्वांत योग्य आहे.

दवण्याने मात्र मला चकित केले. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठ्यांबरोबर गुलालात माखलेला दवणा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. देवाला वाहायचा, घरी आणून कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवायचा, याच्यापलीकडे त्याचा विचार केला नव्हता. हा दवणा दक्षिण भारतात मुद्दाम पिकवून त्याचे तेल काढतात, ते तेल परदेशी सुगंध बनवणाऱ्यांनाही हवे असते, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचा वास वेगळा येतो अशी त्याची या व्यवसायात ख्याती आहे. हे मी विक्रीसाठीचे बोलणे समजत होतो. एका रविवारी सौभाग्यवतींनी आणि मी एकाच बाटलीतून, एकाच वेळी मनगटावर लावले. तासाभराने तिच्या हातावर पिकलेल्या फळाचा, जवळजवळ मुरंब्यासारखा गोड वास होता आणि माझ्या हातावर कडवट, चहाच्या कोरड्या पत्तीकडे झुकणारा. आम्ही दोघांनी हात पुन्हा धुऊन, मनगटे बदलून पाहिली, फरक कायम राहिला. तेव्हापासून ती बाटली माझ्या टेबलावरून तिच्या कपाटात गेली आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नाही.

मोगऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अंबाबाईच्या देवळाबाहेर गजरा घेतला की जो ताजेपणा येतो, तो यात नाही. चंदनात उतरलेला मोगरा जड आणि संध्याकाळचा असतो, आणि दमट हवेत भरलेल्या बसमध्ये तो सहप्रवाशांवर अन्याय करतो.

आता मुख्य विषय, म्हणजे रोलर. बाटलीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेला हा स्टीलचा छर्रा बऱ्याच जणांना सोयीचा वाटतो. माझे त्याच्यावर तीन आक्षेप आहेत. पहिला म्हणजे तो तेल उधळतो. आमच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. जेवणाच्या सुटीत बाटली आधी आणि नंतर त्यावर ठेवून पाहिली, तर मनगटावर नेहमीप्रमाणे छर्रा फिरवल्यावर जेवढे तेल जाते, ते काचेच्या काडीने लावलेल्या टिपक्याच्या चौपटीच्या आसपास भरले. दोन्हींचा वास सारखाच वेळ टिकला. याचा अर्थ सव्वाशे रुपये मिलीच्या तेलापैकी पाऊण भाग मी शर्टाच्या बाहीला पुसत होतो. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा: छर्रा कातडीवरचा घाम आणि तेलकटपणा परत आत नेतो, आणि मोगऱ्याच्या बाटलीत काही महिन्यांनी जो खवट सूर आला, त्याचे श्रेय मी यालाच देतो. तिसरा आक्षेप खोबणीचा. सुगंधी तेलांतील काही घटक काही प्रकारचे प्लास्टिक फुगवतात किंवा मऊ करतात, हे या व्यवसायात नवीन नाही. ड्रॉपरचे रबरी फुगेही याच कारणाने चिकट होतात. असे असताना महागडे तेल स्वस्त प्लास्टिकच्या भरवशावर सोडणे हा कसला कारागिरीचा अभिमान?

वाळ्याच्या बाटलीचा रोलर निखळल्यावर मी फोटोंसह विक्रेत्याला लिहिले. उत्तर आले की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवावा. शिमग्याला उघडलेल्या पार्सलचा व्हिडिओ श्रावणात कोठून आणायचा, असे विचारल्यावर तेलाच्या बाटल्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, असा उपदेश मिळाला. खिशात आणि बॅगेत बाळगता यावे म्हणून रोलर दिला आहे, असे यांच्याच जाहिरातीत लिहिलेले असताना ती उभी कशी ठेवायची, हा माझा पुढचा प्रश्न अनुत्तरित राहिला. मग पुढील खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. ते नाकारून मी केवळ बाटली बदलून मागितली, आणि आठवड्याने एक रिकामी बाटली आली, तीही त्याच रोलरची! तेल सांडून गेल्यावर रिकामी बाटली पाठवण्यामागील विचार मला आजवर उलगडलेला नाही.

इथवर लिहून हा मजकूर मी ठेवून दिला होता. मधल्या काळात महाद्वार रोडजवळच्या एका बोळातील जुन्या अत्तरवाल्या चाचांकडे गेलो, आणि त्यामुळे वर किमतीबद्दल जो सूर लावला आहे त्यात आता फरक करावा लागतो. त्यांच्याकडे वाळा तोळ्यावर मिळतो, तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यांचा भाव या संचाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाने होता. चाचांनी काचेच्या काडीने हाताच्या मागच्या बाजूला एकच टिपका लावला आणि मी बोट फिरवून तो पसरवायला लागलो तसे म्हणाले, "साहेब, अत्तर चोपडायचं नसतंय. टिपका लावायचा आणि इसरायचं." तो टिपका दुपारी बाराच्या आत विरला आणि जागेवर किंचित चिकटपणा राहिला. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की हा माल पातळ केलेला आहे, या भावात चंदनाचा आधार परवडत नाही, अस्सल हवे तर मागवून देतो. मागवून देण्याचा जो भाव त्यांनी सांगितला तो मिलीला सव्वाशेपेक्षा कमी नव्हता. म्हणजे ऑनलाइन विक्रेत्याने तेलात लूट केलेली नाही. वाळा आणि दवणा या दोन तेलांपुरती तरी ती किंमत रास्त आहे. संताप करायचा तो केवळ बाटलीवर.

अत्तर अस्सल आहे का हे ताडण्यासाठी काही जण कागदावर थेंब टाकून डाग राहतो का ते पाहायला सांगतात. त्यावर फार विसंबू नये. खनिज तेल मिसळले असेल तर तेलकट डाग कायम राहतो हे खरे, पण चंदनाचे तेलही इतके सावकाश उडते की त्याचा डागही बराच काळ दिसतो. मला तरी अंगावर लावून संध्याकाळपर्यंत वाट पाहणे हीच परीक्षा भरवशाची वाटली.

चाचांकडूनच मी काचेच्या बुचाच्या रिकाम्या कुप्या घेतल्या, साठ रुपयांना एक. बुचाची काडी आत तेलात बुडालेली असते, तेवढी ओली काडी टेकवली की काम होते. उरलेल्या तेलांपैकी माती आणि हिना त्यांत ओतून घेतली. पाऊस महिनाभर जोरात असूनही दोन्ही कुप्यांना बाहेरून ओल दिसलेली नाही. प्रवासात मात्र या कुप्या नेता येत नाहीत, कारण काचेचे बूच आडवे पडले की सुटते. त्यासाठी फाया करून छोट्या डबीत ठेवतो. वाळा अस्सल, एक तोळा, चाचांना मागवायला सांगितला आहे. पैसे आगाऊ दिलेले नाहीत, आणि माल आल्यावर तो आमच्या काट्यावर घालून घेणार आहे, हेही त्यांना सांगून ठेवले आहे. त्यावर ते हसले आणि "काटा घेऊनच या," म्हणाले.