टेबलावरचा व्हॅन डी ग्राफ जनरेटर: घुमटाआधी पट्टा तपासा

व्हॅन डी ग्राफ जनरेटर म्हणजे फिरत्या पट्ट्याने घुमटावर प्रभार साठवणारं यंत्र. या संचात 20 सेंटिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा घुमट, ॲक्रिलिकचा खांब, तळाशी मोटर. सोबत दांडीवरचा विसर्जन-गोळा (घुमटाची ठिणगी ज्यावर पडते तो), फिरती चक्री, कागदी पट्ट्यांचा झुपका आणि एक छोटा विद्युतदर्शी (प्रभार आला की ज्याची पानं फाकतात ते उपकरण). स्थितिक विद्युत शिकवण्यासाठी हा संच घ्यावा का? जरूर घ्यावा. मात्र खोक्यातून काढला, बटण दाबलं आणि ठिणगी पडली, असं होत नाही.

खोक्यावर 2 लाख व्होल्ट छापलेत. कोरडी हवा मीटरला साधारण 30 लाख व्होल्टपर्यंत दम धरते, म्हणजे 10 सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर तत्त्वतः 3 लाख व्होल्ट साठू शकतात. प्रत्यक्षात विसर्जन-गोळ्यापर्यंतची ठिणगी 5 सेंटिमीटरची मिळते. सेंटिमीटरला 30 हजार धरले तर दीड लाख, आणि हीसुद्धा वरची मर्यादा झाली. प्रयोगांना एवढं पुरून उरतं. घुमटाच्या खालच्या भोकाची कड आत वळवलेली आहे, हे फार चांगलं केलंय. ती धारदार राहिली असती तर सगळा प्रभार तिथूनच हवेत गळाला असता.

खरी कमाल आत आहे. खालचा रोलर टेफ्लॉनचा, वरचा नायलॉनचा, मध्ये रबरी पट्टा. रबरावर घासून टेफ्लॉन ऋणप्रभारित होतो. त्याच्या ओढीने समोरच्या भूसंपर्कित (जमिनीला जोडलेल्या) धातूच्या कंगव्याच्या टोकांवरून धनप्रभार पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूवर फवारला जातो. पट्टा तो वर नेतो आणि वरचा कंगवा तो घुमटाला देतो. घुमटावर आधीच कितीही प्रभार असला तरी नवा प्रभार आतून घेतला जातो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर जातो. यंत्राचं सगळं तत्त्व यातच आहे. घुमट धन आहे याची खात्री विद्युतदर्शीने करता येते. लोकरीवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी टेकवून त्याला ऋणप्रभार द्या आणि दुरून हळूहळू घुमटाकडे न्या. पानं मिटू लागली की उत्तर मिळालं. तिथेच थांबा, कारण आणखी जवळ नेलं तर पानं पुन्हा उघडतात आणि विद्यार्थी गोंधळतात.

आता दोष. दोन्ही कंगवे पट्ट्याला टेकलेले आले. अशाने पट्टा चिरतो. स्क्रू सैल करून 2 ते 3 मिलिमीटर फट ठेवा. त्याहून फार जास्त ठेवली तर प्रभार पोहोचत नाही. वरचा रोलर किंचित तिरका असल्याने पट्टा एका कडेला सरकतो, तोही समांतर करून घ्यावा लागतो. खांबावर बोटांचे ठसे असतील तर ठिणगी निम्म्यावर येते, कारण घामातले क्षार ओल धरतात आणि प्रभाराला खाली उतरायला वाट मिळते. ॲक्रिलिक ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. त्यावर स्पिरिट वापरू नका, तडे जातात. रोलर आणि घुमट मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले तरी चालतात. घुमटावरचा एखादा धागासुद्धा टोकासारखा वागून प्रभार गळू देतो.

आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की यंत्र मलूल पडतं. पट्ट्यावर आणि खांबावर केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा पाच मिनिटं सोडली तर बराच फरक पडतो. पट्टा बदलताना काळं रबर टाळा. त्यात बहुधा कार्बन असतो आणि प्रभार पट्ट्यावरूनच खाली वाहून जातो.

केस उभे करण्याच्या प्रयोगात माणसाने आधी रोधक पाटावर उभं राहून घुमटावर हात ठेवावा, मगच मोटर सुरू करावी. केस कोरडे, तेल न लावलेले हवेत. शेवटी मोटर बंद करून त्याच्या हाती लाकडी पट्टी द्या आणि तिचं दुसरं टोक भूसंपर्काला टेकवा. लाकडातून प्रभार सावकाश उतरतो, झटका बसत नाही. पेसमेकर असलेल्यांनी दूरच राहावं. फोन आणि संगणकही लांब ठेवा.

पुस्तिकेत यंत्राला लेडन बरणी (प्रभार साठवणारी बरणी) जोडण्याची आकृती दिलीय. ती काढून टाकायला हवी. घुमटाची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) जेमतेम 11 पिकोफॅरड असल्याने दीड लाख व्होल्टलाही त्यात सुमारे 0.12 ज्यूल ऊर्जा साठते. 500 पिकोफॅरडची बरणी 50 हजार व्होल्टलाच त्याच्या पाचपट ऊर्जा साठवते. मुलांच्या हाती असं काही देऊ नये.

चक्री छान फिरते, झुपका ठीक. विद्युतदर्शीची पानं जाड आहेत, ती काढून पातळ ॲल्युमिनियम वर्ख लावला की संवेदनशीलता स्पष्ट वाढते. सुटा पट्टा खोक्यात येत नाही. ठिणग्यांमुळे तयार होणारा ओझोन रबर कडक करतो आणि त्याला भेगा पाडतो, म्हणून एक पट्टा सुरुवातीलाच जादा मागवा. यंत्र ठेवून देताना पट्टा रोलरवरून उतरवून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा.