घरगुती क्रूसाच्या वाटेचा संच: पाट्या घेण्याजोग्या, पुस्तिका निवडून वाचावी अशी

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की ठाण्यात, वाशीत धार्मिक वस्तूंच्या दुकानांत हा संच दिसू लागतो. क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या मृत्युदंडापासून दफनापर्यंतच्या १४ प्रसंगांपाशी, म्हणजे स्थानांपाशी, थांबत चालत करायची प्रार्थना. संचात त्या १४ स्थानांच्या १४ पाट्या आणि सोबत मराठी पुस्तिका. पाटी ६ बाय ८ इंचांची, ९ मिलिमीटर जाड एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची), वर छापील व्हिनाइल आणि माथ्यावर छोटा लाकडी क्रूस. उपवासकाळात शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये ही भक्ती होते; लोकलच्या गर्दीतून उतरून ती वेळ गाठणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी वस्तू कामाची आहे.

घेताना आधी क्रूस बघा. परंपरेने स्थान ठरतं ते क्रूसामुळे, चित्र ही नंतरची जोड. स्वस्त संचांत क्रूस नुसता छापलेला असतो. इथे तो खरोखर लाकडाचा आहे, आणि जास्तीचे पैसे मोजायचे ते त्यासाठीच. फक्त खिळे आखूड आहेत. दुकानातच प्रत्येक क्रूस बोटाने हलवून पाहा. डुगडुगला तर खाली फेव्हिकॉलचा थेंब सोडून रात्रभर वजनाखाली ठेवा.

वन बीएचकेत खरा प्रश्न जागेचा. दोन पाट्यांमध्ये ४ इंच सोडले तर सगळ्यांना मिळून ११ फूट ४ इंच भिंत लागते. हॉलमध्ये तेवढी निघेलही, पण मग एका स्थानावरून दुसऱ्यावर जायला धड पाऊलही उचलावं लागत नाही, आणि ही भक्ती तर चालायची आहे. त्यापेक्षा ७ पाट्या हॉलमध्ये, ७ पॅसेजमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लावा. डावीकडून सुरू करा की उजवीकडून, क्रम तेवढा चुकवू नका. माणसं जास्त असली तर पुढारपण करणाऱ्याने चालावं, बाकीच्यांनी जागेवरून त्या-त्या स्थानाकडे वळावं.

पाटीचं वजन पाव किलोच्या आसपास. डबल टेप टाइल्सवर टिकते. डिस्टेंपरवर टिकत नाही, कारण रंगाची भुकटी टेपसकट सुटून येते. काँक्रीटच्या भिंतीत ६ मिलिमीटरचं भोक, गिट्टी आणि स्क्रू हाच पक्का उपाय. भाड्याच्या घरात मालक १४ भोकं पाडू देणार नाही. तिथे पाट्या खुर्च्या, कपाट, खिडकीचा कट्टा अशा उभ्या ठेवल्या तरी चालतं.

आता पुस्तिका. काही पानं सुरेख, काही घाईत उरकलेली. क्रूस वाहताना येशू पडतो त्या तिन्ही पतनांना (तिसरं, सातवं, नववं स्थान) जवळजवळ एकच चिंतन दिलंय, "आमच्या पापांच्या भाराने तू पडलास". चुकीचं नाही, पण तिसऱ्यांदा वाचताना जीभ आपोआप चालते. पाचव्या स्थानी येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन "धावत मदतीला आला" असं म्हटलंय. मार्कच्या शुभवर्तमानात (१५:२१) तो शेतावरून येत होता आणि त्याला वेठीस धरलं होतं. हा फरक किरकोळ नाही. आपण होऊन देणारा त्या वाटेवर एकच होता, शिमोनाला तर पकडून आणलेलं. त्याला हौशी मदतनीस केलं की स्थानाची धारच जाते.

दहावं स्थान, वस्त्रं उतरवली जातात ते, मात्र या पुस्तिकेतलं सर्वोत्तम. इथे आदल्या दिवसाची, गुरुवारच्या शेवटच्या भोजनाची आठवण दिली आहे: शिष्यांचे पाय धुण्याआधी येशूने आपली बाह्यवस्त्रं स्वतःच्या हाताने काढून ठेवली होती (योहान १३:४). शुक्रवारी शिपायांनी ओरबाडलं ते त्याने आदल्या रात्रीच सोडलेलं होतं. "तो कोणी माझ्यापासून घेत नाही" (योहान १०:१८) हे आपल्या प्राणाविषयीचं त्याचं बोलणं या एका पानात जितकं उलगडतं, तितकं रक्ताने माखलेल्या चित्रांत उलगडत नाही. चित्रकाराने लाल रंग जरा हात सैल सोडूनच वापरलाय.

बाराव्या स्थानी मजकूर भराभर संपवलाय. तिथे थांबून लूक २३ मधली ३४, ४३ आणि ४६ ही वचनं व योहान १९:२६-२७ स्वतः वाचा: मारेकऱ्यांना क्षमा, चोराला स्वर्ग, शिष्याला आई, पित्याला आत्मा. शेवटच्या घटकेलाही त्याचं देणं चालूच आहे.

घरात प्रॉटेस्टंट सोयरे असतील तर सहाव्या स्थानी, येशूचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकापाशी अडखळायला होतं, कारण ती बायबलमध्ये नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये फक्त शास्त्रवचनांवर आधारलेली, गेथशेमाने बागेपासून सुरू होणारी मांडणी वापरली होती. ती पर्यायी म्हणून छापायला दोन पानं पुरली असती.

वेळेचं गणित: सगळं छापील वाचलं तर पाऊण तास, लहान मुलं कंटाळतात. एक वचन, मिनिटभर शांतता, एक छोटी प्रार्थना असं धरलं तर अर्ध्या तासात होतं. पुनरुत्थानाची पंधरावी पाटी दुकानदार वेगळी गळ्यात मारतात. पारंपरिक वाट १४ स्थानांचीच आहे, नाही घेतली तरी काही अडत नाही.

ईस्टरनंतर पाट्या उतरवणार असाल तर प्रत्येक दोघींमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर मे महिन्याच्या उकाड्यात व्हिनाइल एकमेकांना चिकटतं. भिंतीवरच ठेवणार असाल तर पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळा. एमडीएफ कडेने फुगलं की पुन्हा बसत नाही, आणि सुटी पाटी बदलून मिळत नाही.