लोणारची विवरफेरी : पाण्याचा जमाखर्च समजावणारी सकाळ

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर वरच्या कड्यावरूनच पाहून परतणारे पर्यटक पुष्कळ असतात. परंतु स्थानिक वाटाड्यांचा एक छोटा गट विवराच्या तळापर्यंत जी सकाळची फेरी नेतो, ती घेतल्याशिवाय या जागेचे वेगळेपण कळत नाही, असे माझे मत झाले आहे.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने पडले, एवढे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. आमच्या वाटाड्यांनी त्यापुढे जाऊन पाण्याचा जमाखर्चच मांडला. ‘धार’ या झऱ्याचे गोडे पाणी आणि पावसाळी ओहोळ उतारावरून सरोवरात येतात, पण सरोवरातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे साचत राहतात. आधी धारेपाशी आणि नंतर सरोवराच्या काठी त्यांनी सामू (पाणी आम्ल की अल्कधर्मी याचे माप) मोजण्याची कागदी पट्टी भिजवून दाखवली. पहिली हिरवटच राहिली, दुसरी बघता बघता गडद निळी झाली, म्हणजे सरोवराचे पाणी अल्कधर्मी. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हाही हाच हिशेब बदलला होता : पातळी घटली, खारटपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य पाण्यात दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या नमुन्यांची तपासणी केली होती, हा तपशीलही त्यांनी आवर्जून सांगितला.

फेरीची उणीव याच मुद्द्याच्या पुढे जाणवली. लोणासुर या राक्षसाच्या कथेला हवा तेवढा वेळ मिळाला (ती त्यांनी रंगवून सांगितली, हे मान्य), पण माणसामुळे हा जमाखर्च कसा बिघडतो, हे दोन-चार वाक्यांत उरकले गेले. धारेवर काही मंडळी साबण लावून अंघोळ करत होती आणि फेसाळ पाणी दगडांवरून खाली सरकत होते. तेथे थांबून बोलण्याची संधी हुकली. गावाचे सांडपाणी, वरच्या शेतांतील खते, भूजल उपसणाऱ्या विंधनविहिरी आणि तळाशी माजलेली वेडी बाभूळ यांचा सरोवराशी असलेला संबंध मला प्रश्न विचारून काढून घ्यावा लागला. उत्तरे मात्र नेमकी होती. गोड्या पाण्याचा ओघ फार वाढला तर खारटपणा उतरतो आणि खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यावरच जगणारे सूक्ष्मजीव मागे पडतात, म्हणजे सरोवर नुसते भरलेले दिसणे ही आनंदाचीच बाब नव्हे, हा त्यांचा खुलासा मला सर्वांत मोलाचा वाटला. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेल्या या पाणथळीविषयी असे बोलणारी माणसे गावातच आहेत, हे विशेष.

शुल्क वाजवी आहे आणि वाटाडे कोणालाही घाई करत नाहीत. परतीचा चढ दमवणारा असून सावली तुटक असल्याने वयस्कर मंडळींनी उन्हाळा टाळावा, पायात पक्के बूट घालावेत आणि पिण्याचे पाणी वरूनच भरून न्यावे.