स्टडी टूरला अहमदाबाद की जयपूर?

दिवाळीची सुट्टी संपली की डिझाइन कॉलेजांमध्ये हा वाद हमखास पेटतो. चंडीगडचं नावही कोणीतरी घेतंच, पण वर्गात आर्किटेक्चरची मुलं नसतील तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. खरी निवड अहमदाबाद आणि जयपूर यांच्यातली. ती वर्गात हात वर करून करू नका. परत आल्यावर सबमिशन काय द्यायचंय, ते आधी बघा.

विषय जागेचा, फर्निचरचा किंवा वस्तूंचा असेल तर अहमदाबाद. ल कॉर्ब्युझिए, लुई कान, बाळकृष्ण दोशी आणि चार्ल्स कोरिया या चौघा आर्किटेक्टांचं काम एकाच शहरात रिक्षाने फिरून बघता येतं. दोशी तर जन्माने पुण्याचे आणि मुंबईच्या जे.जे.त शिकलेले. अर्धा दिवस फक्त आश्रम रोडवरच्या कॉर्ब्युझिएच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीला (1954) द्या. रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू बघा: मावळतीचं ऊन आत घुसू नये म्हणून काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरक्या लावल्यात. नदीकडच्या पूर्वेच्या बाजूला त्याच फळ्या सरळ आहेत. दोन्ही बाजू स्केचबुकच्या एकाच पानावर शेजारीशेजारी काढल्या की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. आयआयएममध्ये कानच्या विटांच्या बसक्या कमानी बघाल. तिथे कमानीचे पाय बाहेर सरकू नयेत म्हणून खालून काँक्रीटची आडवी तुळई ताणून धरलेली असते. फोटो सगळेच कमानीचा काढतात, काम ती तुळई करते. अशा ठिकाणी आत जायला कॉलेजच्या लेटरहेडवर आधी परवानगी मागा. गेटवर जाऊन गयावया करण्यात सकाळ जाते.

जुन्या शहराला 2017 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघणारा हेरिटेज वॉक पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट गल्ल्या-वस्त्यांमधून, फिरवत जामा मशिदीपाशी आणून सोडतो. अरुंद गल्ली, ओटा, मधला चौक आणि चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारं टाकं असं एकेक घर वाचत जायचं. कापडवाल्यांसाठी शाहीबागेतलं कॅलिको म्युझियम (स्थापना 1949) आहे. मात्र प्रवेश मोजक्यांनाच, तोही आधी नाव नोंदवून, आणि आत फोटो काढू देत नाहीत. चाळीस जणांचा वर्ग एका फेरीत आत जाईल ही आशा सोडा.

अहमदाबादची उणीव इथेच जाणवते. बहुतेक गोष्टी तयार होऊन समोर येतात. वासण्यात माता नी पछेडी (देवीची चित्रं असलेलं कापड) रंगवणाऱ्या कलाकारांची घरं आहेत, तिथे हात चालताना दिसतात. पण एरवी तुम्ही प्रेक्षकच.

जयपुरात नेमकं उलटं. हवामहल, सिटी पॅलेस वगैरे उरकायला एक दिवस पुरतो. अपवाद जंतरमंतरचा: माहितीची मांडणी शिकणाऱ्यांनी तिथे सम्राट यंत्रापाशी, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळापाशी, थांबावं. साधारण 27 मीटर उंचीच्या त्या यंत्राची सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते, बोट ठेवलं तर कळते. आणि कोरियांचं जवाहर कला केंद्र बघा: नऊ चौकांच्या जुन्या शहराचा आराखडा घेऊन त्यातला एक चौकोन मुद्दाम फिरवलाय.

उरलेले सगळे दिवस बगरूला द्या. जयपूरपासून तासाभरावरचं हे गाव छिपा समाजाच्या ठसेछपाईचं. धुतलेलं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, ते पिवळसर होतं. गंजलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेली स्याही ठशाने त्यावर उमटली की हिरड्यातल्या टॅनिनमुळे रेघ डोळ्यांदेखत काळी पडत जाते. तुरटीचा ठसा मात्र फिकाच राहतो. ते कापड रंगाच्या कढईत उकळल्यावरच लाल दिसायला लागतं. एकाच नक्षीला रेख (बाहेरची रेघ), गद (पार्श्वभूमी) आणि दत्ता (आतला भराव) असे वेगळे ठसे लागतात. दाबू म्हणजे लेपाने रंग अडवायची छपाई. तिच्यात चिखल, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ यांचा लेप देऊन वर भुसा भुरभुरतात, वाळवतात, मग निळीत बुडवतात. हे तासाभराच्या 'व्हिजिट'मध्ये कळत नाही. एकाच कारखान्यात तीन दिवस बसा आणि बसण्याचे पैसे आधी मोकळेपणी ठरवा. कारागिराची रोजी बुडवून फुकट शिकणं बरं नव्हे. सांगानेरची पांढऱ्या जमिनीवरची बारीक छपाई आणि हातकागद शेवटच्या दिवशी होऊन जातात.

जयपुरात डोकेदुखी एकच, ती खरेदीची. रिक्षावाला 'फॅक्टरी' म्हणून एम्पोरियममध्ये नेतो आणि अर्धा वर्ग बापू बाजारात गायब होतो. गुजरातेत दारूबंदी असल्याने सोबत आलेले सर थोडे निवांत असतात, हाही मुद्दा बैठकीत निघतोच.

प्रवासात अहमदाबाद सोपं. मुंबईहून गुजरात मेलने रात्री निघालं की सकाळी पोहोचता. जयपूरला संध्याकाळी बसलं तर दुसऱ्या दिवसाची दुपार होते, म्हणजे चार दिवसांच्या सहलीतले जवळजवळ दोन रुळांवरच. पावसाळ्यात बगरूला जाऊ नका, कापड वाळत नाही तर छपाई कुठली! संक्रांतीच्या आसपास दोन्हीकडे पतंग. पोळांमधल्या गच्च्या बघायच्या असतील तर मुद्दाम जा, नाहीतर तो आठवडा टाळा.

माझं मत: मिश्र वर्ग आणि चार-पाच दिवस असतील तर अहमदाबाद, टेक्स्टाइलचा छोटा वर्ग आणि आठवडा हाताशी असेल तर जयपूर. दोन्ही एकाच सहलीत कोंबू नका. आणि अहमदाबाद ठरलंच, तर कॅलिकोची तारीख हातात आल्यावरच रेल्वेची तिकिटं काढा.