खांदा-बरगडीच्या दुखण्यात वेज पिलो: माप बघूनच घ्या

गळपट्टीचं हाड मोडलं, खांद्याचं ऑपरेशन झालं किंवा बरगडीला मार बसला की दिवस कसाबसा निघतो, रात्र काही निघत नाही. सपाट झोपलं की दंड आपल्याच वजनाने मागे पडतो आणि खांदा ताणला जातो. बरगडीवाल्यांना तर आडवं होणं आणि उठणं हीच शिक्षा. पाठीला उतार मिळाला की दोन्ही त्रास कमी होतात. तीन-चार उश्यांची उतरंड मध्यरात्री ढासळते, म्हणून वेज पिलो, म्हणजे फोमची उतरती उशी, खरोखर घेण्याजोगी आहे. पण कुठलीही नाही.

सर्रास मिळते ती २४ इंच लांब-रुंद, उंची ७ ते १२ इंच. ७ इंचांत जेमतेम १६ अंशांचा उतार मिळतो; अॅसिडिटीला तो पुरतो, खांद्याला नाही. १२ इंचांची सुमारे २७ अंश देते, तीच घ्या. लांबीकडे मात्र कोणी बघत नाही. १८ इंचांची उशी कमरेपाशी संपते, अंग तिथेच दुमडतं आणि सकाळी खांद्याच्या जोडीला कंबरही धरते. पातळ कड कुल्ल्यांपर्यंत पोचायलाच हवी. उंच माणसाने गादीवाल्याकडून चांगल्या कडक फोमची २८ इंच लांब, १४ इंच उंच अशी कापून घ्यावी. तयार उशीपेक्षा ती कधीही बरी.

वरचा मेमरी फोमचा थर उन्हाळ्यात तापतो. त्यावर जुनी सुती चादर दुहेरी घाला. नव्या फोमला वास असतो, दोन दिवस गॅलरीत ठेवला की जातो.

उशी भिंतीला टेकवा, नाहीतर मागे सरकते. डोक्याखाली पातळ उशीच हवी. जाड असेल तर हनुवटी छातीला लागते आणि मान अवघडते. “रात्रभर खाली घसरायला होतं” ही नेहमीची तक्रार, पण त्यात उशीचा दोष नाही. गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली चादर ठेवली की घसरणं थांबतं. गुडघ्याचंच ऑपरेशन झालं असेल तर मात्र हे करू नका, गुडघा वाकलेलाच आखडतो.

खरी करामत टॉवेलची. छोटा टॉवेल तीन घड्या घालून दंडाच्या मागे सरकवा. मान किंचित उचलल्यावर स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर दंड मागे पडलाय, आणखी एक घडी वाढवा. दंडाचं हाड मोडलेलं असेल तर कोपराला खालून टेकू देऊ नका. हात वर ढकलला जातो आणि मोडलेल्या टोकांवर दाब येतो. आर्म स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, रात्री काढायची की नाही, हे डॉक्टर सांगतील तसंच. बोटांना मुंग्या आल्या तर पट्टा काचतोय का ते आधी बघा.

निजण्याआधी कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं फिरवला तर ठणका उतरतो. हळदीचं दूध घ्यायचं तर दोन तास आधी, कारण रात्री लघवीला उठणं महागात पडतं. बरा हात पलंगाच्या कडेला येईल असं झोपा, म्हणजे त्याच्यावर जोर देऊन उठता येतं.

मणका दुखावलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही उशी घेऊ नये. आणि बरगडीच्या दुखण्यात धाप लागली, ताप आला किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर उशीची मापं बदलत बसू नका, तडक दवाखाना गाठा.