३८० रुपयांची टॉर्च आणि वीरगळावरच्या गाई

ही टॉर्च घेऊन चार महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. ब्रँड असा काही नाहीच, झूमवाली, आत एकच सेल, चार्जिंग टाइप सी. मी ट्रेकसाठी नाही घेतली, मला दगड बघायचा नाद आहे, लेण्यांतले लेख, देवळामागे टाकलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) वगैरे, तेवढ्यापुरतंच सांगतो.

आधी एक गोष्ट. टॉर्च समोरून मारणार असाल तर पैसे फुकट. झिजलेलं कोरीव काम समोरच्या उजेडात सपाट दिसतं, सावलीच पडत नाही ना. दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवायची, उजेड पृष्ठभागावरून सरपटत गेला पाहिजे आणि मग हळूहळू फिरवायची.

मावळात एका गावात मारुतीच्या मागे असा एक वीरगळ भिंतीला टेकवून ठेवलाय. भर दुपारी गेलो तर वरची चंद्रकोर सोडून काही कळेना. तिथले एक मामा म्हणाले खजिन्याची खूण आहे ती, आमच्या आज्यानं खणून पण बघितलंय. दिवेलागणीला परत गेलो, डावीकडून टॉर्च लावली आणि काय सांगू. वर शिवलिंग आणि पूजा करणारा माणूस, त्याखाली अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, त्याखाली लढाई, सगळ्यात खाली आडवा पडलेला वीर आणि त्याच्या मागे बारीक बारीक शिंगं. गुरं वळवून न्यायला आलेल्यांशी लढताना गेलेला माणूस. चंद्र-सूर्य एवढ्यासाठी की ते आहेत तोवर ह्याचं नाव राहावं. मी गाई मोजल्या पाच. मामा खाली वाकले, म्हणाले सहा, ते मागचं वासरू आहे. परत बघितलं तर खरंच वासरू! गुरं राखलेल्या माणसाचा डोळा तो.

शेजारी सतीशिळा होती, म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड, कोपरात दुमडलेला बांगड्यांचा हात, तो टॉर्चशिवायही ओळखू येतो. कोकणात कुठे दगडावर गाढव दिसलं तर तो गधेगाळ, दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला चक्क शिवी असते त्यावर, सासरच्यांसमोर अर्थ सांगायला जाऊ नका.

लेण्याद्रीला ६ नंबरच्या चैत्यगृहातला (स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं) जुन्या ब्राह्मी लिपीतला लेख वर आहे, त्यामुळे खालून मारली की उजेड आपोआप तिरका पडतो. कल्याणच्या हेरणिकाचा म्हणजे सोनाराचा मुलगा सुलसदत, त्याचं हे दान. 'देयधम' म्हणजे धर्मदान, हा शब्द एकदा ओळखता आला की बाकीच्या लेण्यांतही तोच शोधत बसता तुम्ही. आणि अधिकच्या चिन्हासारखं दिसतं ते ब्राह्मीतलं साधं 'क' आहे, गुप्त खूण नाही.

आता तक्रारी. झूम पूर्ण केला की आतल्या एलईडीचा चौकोनच दगडावर उमटतो, मग अक्षर कुठलं आणि डाग कुठला कळत नाही, म्हणून कायम पसरट ठेवायची. बंद करायला तीन मोड ओलांडावे लागतात, त्यात एक लुकलुकणारा, लेण्यात तो लागला की सगळे वटवाघळासारखे दचकतात. २० मिनिटांत डोकं तापतं. फोटो निळसर येतात. बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलंय पण मी काही पावसात नेणार नाही.

तरी पाचपैकी चार देतो, कारण हिच्यामुळे खडू सुटला. हो, पूर्वी मीही अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फिरवायचो, लाज वाटते आता, दगड खराब होतो आणि संरक्षित ठिकाणी तो गुन्हाही आहे. पीठ, हळद, कोळसा, काहीच लावू नका.

घ्यायची तर दोन घ्या, एक हात टॉर्चला, एक फोनला आणि ऐन वेळी चार्जिंग संपतंच. माझी दुसरी मामांकडे गेली, त्यांना गोठ्यासाठी हवी होती.